ऑपरेटिंग सिस्टिम शिकायची तर कर्नल उघडा

कम्प्युटर शाखेच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी ‘ओएस’ हा विषय असतोच. परीक्षेतली गणितंही ठरलेली असतात. चार प्रोसेस दिल्या आहेत, राउंड रॉबिनने गँट चार्ट काढा. पानांचा क्रम दिला आहे, एलआरयूने किती पेज फॉल्ट होतील ते सांगा. बँकर्स अल्गोरिदम लावा. सराव केला की मार्क पडतात, जर्नलवर सही होते आणि विषय सुटतो. ही गणितं निरुपयोगी नाहीत, पण तेवढ्यावर थांबणाऱ्याला संगणक आतून कसा चालतो हे कधी दिसतच नाही. आणि ते दाखवण्यासाठीच तर हा विषय आहे.

प्रोसेसरचा एक कोअर साधारणपणे एका वेळी एकाच प्रोग्रामच्या सूचना पाळतो. तरी गाणं वाजत असतं, ब्राउझर उघडा असतो आणि मागे फाइलही उतरत असते. हे जमतं, कारण टायमर ठरावीक अंतराने चालू काम थांबवून ताबा कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे देतो. कर्नल त्या प्रोग्रामची रजिस्टर्स जपून ठेवतो, दुसऱ्याची परत भरतो आणि त्याला पुढे सोडतो. सेकंदाला कितीतरी वेळा होणारी ही अदलाबदल कुठल्याच प्रोग्रामच्या लक्षात येत नाही.

खरी कसोटी लागते ती एकाच गोष्टीला दोघांनी हात घातला की. खात्यात 1000 रुपये आहेत. दोन प्रोसेस एकाच वेळी शिल्लक वाचतात, दोघी आपापले 500 मिळवतात आणि दोघी 1500 लिहितात. एक भरणा गायब झाला! यावर उपाय म्हणून लॉक आले, पण लॉकमुळे नव्या अडचणीही आल्या. नेदरलँड्सचे संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी त्या 1960च्या दशकातच ओळखल्या होत्या. एकमेकांची वाट पाहत अडकून पडणाऱ्या तत्त्वज्ञांचं कोडं आजही प्रत्येक वर्गात शिकवलं जातं, ते त्यांचंच.

अशा अडचणी पुस्तकात राहत नाहीत. 4 जुलै 1997 रोजी नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांत त्याचा संगणक पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागला. हवामानाच्या नोंदी घेणारं कमी प्राधान्याचं काम एक लॉक धरून ठेवी. माहितीची ने-आण सांभाळणारं वरच्या प्राधान्याचं काम त्याच लॉकसाठी खोळंबे. दरम्यान मधल्या प्राधान्याची कामं पहिल्याला प्रोसेसर मिळू देत नसत, म्हणून लॉक सुटतच नसे. काम वेळेत झालं नाही की देखरेखीची यंत्रणा संगणक रीसेट करी. लॉक धरणाऱ्याला तात्पुरतं वरचं प्राधान्य देण्याची सोय त्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये होती, फक्त बंद होती. अभियंत्यांनी ती पृथ्वीवरून सुरू केली.

लॉक आणि प्राधान्य यांचं एवढं बारीक नातं गँट चार्टवरून समजत नाही. त्यासाठी खरा कोड वाचावा लागतो. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी 1976च्या सुमारास हेच केलं. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा कर्नल जेमतेम नऊ हजार ओळींचा होता. त्यांनी तो छापून, ओळींना क्रमांक देऊन, भाष्यासह विद्यार्थ्यांच्या हाती दिला. पुढे 1979च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्यानुसार तिचा कोड वर्गात शिकवायला बंदी आली. लायन्स यांचं भाष्य मग वर्षानुवर्षं झेरॉक्सच्या प्रतींमधून फिरत राहिलं आणि 1996 साली रीतसर प्रकाशित झालं. बंदीमुळे शिकवायला काहीच उरलं नाही, म्हणून ॲमस्टरडॅमच्या अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी स्वतःच मिनिक्स नावाची छोटी सिस्टिम लिहिली आणि 1987 साली पुस्तकासह प्रसिद्ध केली. ते पुस्तक अभ्यासणाऱ्या हेलसिंकीच्या लिनस टॉर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 साली लिनक्स सुरू केलं. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचाच कर्नल आहे.

लिनक्सचा कोड आता कोट्यवधी ओळींचा झाला आहे, तो एका सत्रात वाचणं अशक्य. म्हणून अमेरिकेतल्या एमआयटीच्या शिक्षकांनी 2006 साली युनिक्सच्या त्याच सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर ‘एक्सव्ही6’ हा शिकण्यापुरता कर्नल नव्याने लिहिला. तो इतका आटोपशीर आहे की एका सत्रात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून होतो. कोड आणि त्यासोबतचं पुस्तक मोफत मिळतं आणि क्यूएमू या एम्युलेटरच्या मदतीने तो साध्या लॅपटॉपवर चालतो.

विद्यार्थी आधी एखादा छोटा सिस्टिम कॉल जोडतो, मग अवघड कामाला हात घालतो. ‘फोर्क’ करताना, म्हणजे एका प्रोसेसपासून दुसरी तयार करताना, एक्सव्ही6 सगळी मेमरी कॉपी करतो. ती कॉपी टाळायची असते. दोन्ही प्रोसेसना तीच पानं फक्त वाचण्यापुरती द्यायची आणि कोणी लिहायला गेलं, तर तेवढंच पान वेगळं काढायचं. एक पान किती जण वापरतात याचा हिशेब चुकला, तर वापरात असलेलं पान मोकळं होतं आणि कर्नल ‘पॅनिक’ छापून थांबतो. ही चूक शोधताना पेज टेबल, ट्रॅप आणि लॉक ही तीन वेगळी प्रकरणं एकाच कामाचे भाग आहेत हे कळतं. ते कळणं म्हणजेच हा विषय येणं.

आपल्याकडे पुस्तकांची वाण नाही. अच्युत गोडबोले आणि आयआयटी मुंबईचे माजी प्राध्यापक धनंजय ढमढेरे या मराठी लेखकांनी या विषयावर इंग्रजीत पाठ्यपुस्तकं लिहिली आहेत. उणीव आहे ती कर्नल उघडून बसण्याच्या सवयीची. शिक्षकांनी गणितं जरूर घ्यावीत, पण प्रॅक्टिकलचे निम्मे तास तरी एक्सव्ही6साठी राखावेत. अभ्यासक्रम बदलेपर्यंत विद्यार्थ्यांनी थांबू नये. लॅपटॉप आहे, कोड मोफत आहे. या सुट्टीत शेड्युलरची फाइल उघडा आणि एकेक ओळ समजून घेत वाचा.