वळिवडें येथील निर्वासितांची शाळा

निर्वासित म्हटला कीं त्याच्या अन्नवस्त्राची व निवाऱ्याची चिंता प्रथम मनांत येते, आणि तें योग्यच आहे. त्याच्या मुलांच्या शाळेचा प्रश्न मात्र बहुधा मागें पडतो. कोल्हापूरजवळील वळिवड्यास तसें झालें नाहीं. तेथें १९४३ ते १९४८ या काळांत सुमारें ५,००० पोलिश निर्वासित राहत होते; त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलें. सोव्हिएट सत्तेनें १९४० पासून त्यांना सैबेरिया-कझाकस्तानकडे हद्दपार केलें होतें. १९४१ मध्यें सुटका झाल्यावर इराणमार्गें तीं हिंदुस्थानांत पोंचलीं.

अशा मुलांच्या बाबतींत मोठी अडचण वयाची येते. दोन-तीन वर्षें शाळेवांचून काढलेला बारा वर्षांचा मुलगा सात वर्षांच्या पोरांत बसविला, तर तो अक्षरें गिरवील, पण मान वर करणार नाहीं. उशिरां मुंज लागलेला मुलगा लहानग्या बटूंच्या पंक्तींत कसा अवघडून बसतो, हें वाचकांनीं पाहिलेंच असेल! पुस्तकांची टंचाई असूनही छावणींत प्राथमिक व माध्यमिक शाळा निघाल्या, स्काउटांचीं पथकें उभीं राहिलीं. शिक्षण पोलिश भाषेंत होतें. त्यामुळें मुलाला न कळलेलें निदान विचारतां तरी येई.

भोंवतालीं मराठी मुलूख असतां ही अलिप्तता कशाला, असें कोणी म्हणेल. आक्षेप अगदींच खोटा नाहीं. मायदेशीं परतण्याच्या आशेवर तें शिक्षण उभारलें होतें. १९४५ मध्यें पूर्व पोलंड सोव्हिएट राज्यांत गेला आणि अनेकांना परतावयास घरच उरलें नाहीं. पुष्कळ मुलें पुढें इंग्लंडास गेलीं व तेथें त्यांना इंग्रजी आत्मसात करावी लागली. तथापि आमच्या मतें आधींचें शिक्षण वायां गेलें नाहीं. अपूर्णांक एका भाषेंत नीट उमगले असले, म्हणजे दुसरींत त्यांचीं नांवें तेवढीं शिकावयाचीं राहतात.

पोलिश मंडळी गेल्यावर त्याच वसाहतींत फाळणीमुळें निर्वासित झालेलीं सिंधी कुटुंबें राहावयास आलीं व तिला गांधीनगर हें नांव मिळालें. त्यांना परत जावयाचें नव्हतें, येथेंच संसार थाटावयाचा होता. त्यांच्या मुलांना शेजाऱ्यांची मराठी आल्यावांचून गत्यंतर नव्हतें.

वयानुरूप इयत्ता व मागील अभ्यास भरून काढण्यासाठीं विशेष शिकवणी, हा उशिरां आलेल्या मुलाचा हक्क २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या चौथ्या कलमानें मान्य केला आहे. निर्वासिताच्या मुलास ती शिकवणी त्याला कळणाऱ्या भाषेंत कोण देणार, हें मुख्याध्यापकांनीं प्रवेशाच्या दिवशींच ठरवावें.