केळीच्या गावापासून थोरियमच्या वाळूपर्यंत

खानदेशातल्या रावेर-यावलच्या केळीत पोटॅशियम भरपूर, आणि त्यातला अगदी बारीक अंश, पोटॅशियम-40, किरणोत्सर्गी असतो. त्यानं कोणी धास्तावू नये. जादा पोटॅशियम शरीर बाहेर टाकतं आणि केळी न खाणाऱ्याच्याही अंगात दर सेकंदाला असे चारेक हजार अणू फुटतच असतात. जमिनीतूनही इथे फार किरणोत्सर्ग येत नाही, कारण खानदेशाच्या पायाखाली बेसाल्ट आहे. ग्रॅनाइटच्या मानानं त्यात युरेनियम-थोरियम कमी. त्यामुळे जन्मभर नैसर्गिक किरणोत्सर्ग सोसलेल्या पेशींचं काय होतं, हे तपासायला जळगाव-धुळं कामाचं नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राला त्यासाठी केरळचा किनारा गाठावा लागला.

कोल्लमजवळच्या चवरा-नींदकरा पट्ट्यातल्या वाळूत मोनाझाइट आहे, आणि त्यात थोरियम. नैसर्गिक किरणोत्सर्गाची जगाची सरासरी मात्रा रेडॉन धरून वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट. इथल्या काही घरांत नुसत्या बाहेरून येणाऱ्या किरणांचीच मात्रा 45 मिलिग्रेपर्यंत जाते, तर जवळच्याच दुसऱ्या घरात ती 1 च्याही खाली असू शकते. हवापाणी, जेवणखाण, कामधंदा सारखाच, मात्रा तेवढी वेगळी. संशोधकाला याहून काय हवं!

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 1959 च्या अहवालातच असे प्रदेश अभ्यासायला सुचवलं होतं. साठच्या दशकात संशोधक ग्रुनेबर्ग आणि सहकाऱ्यांनी आधी केरळच्या या किनाऱ्यावरचे उंदीर तपासले. फरक सापडला नाही. मग 1976 साली 'नेचर'मध्ये दिल्लीच्या संशोधकांनी या भागात डाऊन सिंड्रोम आणि गुणसूत्रांतले दोष जास्त असल्याचं लिहिलं आणि वाद पेटला. तुलनेसाठी घेतलेली माणसं योग्य होती का, आयांच्या वयाचा हिशेब नीट झाला का, असे आक्षेप आले. माझ्या मते या वादानं भलंच केलं. पुढचं काम त्यामुळे मोठ्या संख्येवर उभं राहिलं.

1986 पासून तुर्भ्याच्या चमूनं नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त घेऊन पांढऱ्या पेशींमधली गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली मोजायला घेतली. दोन दशकांत 27 हजारांहून अधिक बाळं तपासून झाली. जास्त आणि कमी मात्रेच्या भागांत लक्षणीय फरक निघाला नाही. तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्रानं या भागातल्या 69,958 रहिवाशांचा मागोवा घेतला. 2009 च्या त्या निष्कर्षातही कर्करोग वाढलेला दिसला नाही.

म्हणजे पेशींना काहीच होत नाही? तसंही नाही. 2002 साली जर्मन संशोधकांनी इथल्या कुटुंबांत आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत जास्त उत्परिवर्तनं नोंदवली. उत्परिवर्तनं एरवीही जिथे वारंवार घडतात, तिथेच ती होती. आणि मला सगळ्यात रंजक वाटतो तो 2017 चा तुर्भ्याचाच प्रयोग. केरळच्या या जास्त मात्रेच्या भागातल्या लोकांच्या रक्तपेशींना प्रयोगशाळेत मुद्दाम मोठी मात्रा दिली, तर डीएनएचे दोन्ही धागे तुटलेल्या जागा त्यांनी कमी मात्रेच्या भागातल्यांपेक्षा अधिक चांगल्या दुरुस्त केल्या. मार बसतो, पण डागडुजीही तरबेज होते, असं त्यावरून म्हणता येईल.

नाळेच्या रक्ताच्या तपासणीला मात्र एक मर्यादा होती: बाळाच्या पेशीला सोसायला नऊच महिने मिळालेले असतात. चीनमधल्या यांगजियांग या अशाच जास्त किरणोत्सर्गाच्या भागात वयस्कांच्या पेशी तपासल्या, तेव्हा काही अस्थिर, म्हणजे पेशीविभाजनात न टिकणारे, गुणसूत्रदोष मात्रेबरोबर वाढलेले दिसले. टिकून राहणाऱ्या दोषांत मात्र किरणांपेक्षा तंबाखूच्या धुरासारख्या कारणांचाच वाटा मोठा निघाला.