इंग्रजी शब्द शिकताना मराठीही जपू या

आपल्या सावरगाव-पांढुर्ण्यातील अनेक मुले घरी मराठी बोलतात, पण शाळेत इंग्रजी शब्दांचे अर्थ हिंदीतून पाठ करतात. त्यामुळे घरचे शब्द मागे पडतात. यासाठी आम्ही मोबाईलवरील फ्लॅशकार्ड सुचवतो.

२००६ साली आलेले 'अँकी' हे ॲप अँड्रॉइड मोबाईलवर मोफत मिळते. कार्डाच्या एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. आधी अर्थ आठवायचा, मगच कार्ड उलटायचे. आठवला तर ते कार्ड काही दिवसांनी, पुढे काही आठवड्यांनी येते; चुकला तर लगेच परत येते. शिकलेले आपण सुरुवातीलाच झपाट्याने विसरतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये दाखवले होते.

कार्डे मुलांनी स्वतः बनवावीत आणि मागे दोन्ही भाषांतील अर्थ लिहावेत. 'एज्युकेशन' म्हणजे हिंदीत शिक्षा, मराठीत शिक्षण. 'पनिशमेंट' म्हणजे हिंदीत सज़ा, मराठीत शिक्षा! असा घोळ कार्डावर समोरासमोर पाहिला की कायमचा मिटतो. कार्डात आवाजही भरता येतो. मराठी शब्द आजीकडून बोलून घ्यावा.

रोज पाच नवे शब्द पुरेत, मात्र खंड पडू देऊ नये.