न उडालेल्या विमानांचा ताफा

स्पिटफायरचं मॉडेल बांधणाऱ्याला एक सोय असते आणि एक जाच असतो. सोय अशी, की मूळ विमान संग्रहालयात उभं आहे. पोटाखालचा रंग नेमका कुठे संपतो ते जाऊन पाहता येतं. जाच असा, की प्रदर्शनात कुणीतरी हटकून येतो आणि ती रंगाची रेघ दोन मिलिमीटर चुकलीय हे ऐकवून जातो. विज्ञानकथेतल्या विमानाचं मॉडेल करणाऱ्याला यातलं काहीच लागू नसावं. मूळ विमानच नाही, तर चूक कुठली आणि बरोबर कुठलं? तरीही गेल्या साठेक वर्षांत ही कधीच न उडालेली विमानं बांधणाऱ्यांनी खऱ्या विमानांची सगळी शिस्त आपण होऊन अंगावर घेतली. स्केल, पत्रा जोडल्याच्या रेघा, इशाऱ्याच्या बारीक पाट्या, धुराचे डाग, काही म्हणजे काही सोडलं नाही. खेळण्याचं हे असं दस्तऐवजात रूपांतर कसं झालं, ते पाहण्यासारखं आहे.

या गोष्टीची सुरुवात ब्रिटिश कठपुतळ्यांपासून करावी लागते. गेरी आणि सिल्व्हिया अँडरसन यांची 'थंडरबर्ड्स' ही मालिका 1965 साली ब्रिटनमध्ये आली आणि पुढच्याच वर्षी जपानमध्ये एनएचके वाहिनीवर दिसू लागली. संकटात सापडलेल्यांना सोडवायला निघणारी पाच यानं, आणि त्यांत सगळ्यांत लाडकं थंडरबर्ड 2: हिरवंगार, गलेलठ्ठ, पोटात काढता-घालता येणारा डबा असलेलं मालवाहू विमान. शिझुओका प्रांतातल्या शिमिझू गावच्या इमाई कंपनीने या यानांची प्लॅस्टिक किट्स काढली आणि ती तुफान खपली. त्या काळच्या मुलांना किट हलायला हवं असायचं. म्हणून चावी आली, चाकं आली, डब्यातून बाहेर येणारी छोटी पिवळी पाणबुडी आली. विमानाला चावीची चाकं कशाला, असं विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण ते खेळणंच होतं.

शिझुओका हे नाव या कहाणीत पुन्हा पुन्हा येणार आहे. हा प्रांत मुळात लाकूडकामाचा. तामिया कंपनीचा जन्म 1946 साली लाकडाच्या धंद्यातून झाला. याइझू गावची हासेगावा 1941 साली स्थापन झाली तीही लाकडी मॉडेलं करत. 1950 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकी-ब्रिटिश प्लॅस्टिक किट्सपुढे लाकडी मॉडेलांचा टिकाव लागेना, तेव्हा हे सगळे एकामागून एक प्लॅस्टिककडे वळले. प्लॅस्टिकच्या धंद्याचं गणित निराळं असतं. पॉलिस्टायरिन स्वस्त, पण ते ज्यात ओततात तो पोलादी साचा अतोनात महाग. एकदा साचा केला की तो वर्षानुवर्षं चालतो आणि पुष्कळदा कंपनी बुडाली तरी उरतो. 'थंडरबर्ड्स'ची लाट ओसरल्यावर 1969 साली इमाई बुडाली, तेव्हा शिमिझूचा कारखाना आणि साचे बंदाई या खेळण्यांच्या कंपनीने विकत घेतले. प्लॅस्टिक मॉडेलच्या धंद्यात बंदाई शिरली ती अशी. इमाईही पुढे सावरून पुन्हा उभी राहिली.

इकडे पडद्यामागे वेगळीच उलटापालट चालली होती. 'थंडरबर्ड्स'चे स्पेशल इफेक्ट्स करणारे डेरेक मेडिंग्ज आणि त्यांचे सहकारी यानांच्या पृष्ठभागावर दुकानातल्या प्लॅस्टिक किट्सचे सुटे भाग चिकटवत. गुळगुळीत पत्रा कॅमेऱ्यासमोर खोटा दिसतो. त्यावर बारीकसारीक खटपटी दिसल्या की नजर त्याला अवाढव्य समजते. मेडिंग्ज यांच्या हाताखाली तयार झालेल्या ब्रायन जॉन्सन यांनी 1975 च्या 'स्पेस: 1999' मालिकेसाठी ईगल हे चंद्रावरचं मालवाहू यान घडवलं, त्यामागेही हीच समज होती. अमेरिकेत 'स्टार वॉर्स'साठी जमलेल्या तरुणांनी तर किट्सचे ढीगच्या ढीग रिकामे केले. रणगाडे, युद्धनौका, शर्यतीच्या गाड्या यांचे तुकडे मिलेनियम फाल्कनच्या पाठीवर जाऊन बसले. 1977 साली चित्रपट आला आणि लोकांना ते यान वापरून वापरून खिळखिळं झालेलं, म्हणून खरं वाटलं. मग त्या यानाची किट्स निघाली. म्हणजे खऱ्या रणगाड्याचं किट, त्याच्या भागांतून पडद्यावरचं खोटं यान, आणि त्या खोट्या यानाचं पुन्हा किट, असा फेरा पूर्ण झाला. चित्रीकरणाच्या मॉडेलवरचा अमुक तुकडा मुळात कुठल्या रणगाड्याच्या पेटीतला, याचा छडा लावणारे हौशी आजही आहेत. जपानच्या फाइन मोल्ड्सने 2005 मध्ये आणि बंदाईने 2017 मध्ये 1/72 स्केलचं फाल्कन काढलं, तेव्हा गिऱ्हाइकाची अपेक्षा हीच होती, की प्रत्येक तुकडा जागच्या जागी हवा.

मधल्या काळात जपानमध्ये आणखी एक गोष्ट घडली होती, आणि ती होती स्केलची. आधीची बहुतेक कार्टून-किट्स पेटीत मावतील त्या मापाची असत. 'मोबाइल सूट गंडम' ही मालिका जानेवारी 1980 मध्ये ठरलेल्या भागांच्या आधीच गुंडाळली गेली होती. त्यानंतर जुलै महिन्यात बंदाईने तिचं पहिलं किट 300 येनला आणलं. ते 1/144 मापाचं होतं. कथेतला यंत्रमानव 18 मीटर उंच, तर किट साडेबारा सेंटिमीटर. हिशेब साधाच, पण परिणाम मोठा झाला. गंडम, त्याचे शत्रू आणि त्याच्या पोटात बसणारं कोअर फायटर हे छोटं विमान एका फळीवर शेजारी ठेवता येऊ लागलं, त्यांच्या उंच-ठेंगणेपणाला अर्थ आला. किट्ससाठी दुकानांसमोर रांगा लागल्या. 'हॉबी जपान'सारखी मासिकं या यंत्रांचे डाग-ओरखडे रणगाड्यांच्या पद्धतीने कसे रंगवावेत, हे शिकवू लागली.

त्या मशागतीवर 1982 च्या ऑक्टोबरमध्ये 'मॅक्रॉस' ही मालिका उगवली. तिचं विमान व्हीएफ-1 व्हॅल्किरी. आराखडा शोजी कावामोरी या बावीस वर्षांच्या तरुणाचा. या विमानाचं मूळ लपवायचा त्याने प्रयत्नसुद्धा केला नाही. पंख मागे दुमडणारं अमेरिकी नौदलाचं एफ-14 टॉमकॅट समोर ठेवून त्याने ते काढलं. मात्र हे विमान हवेतल्या हवेत यंत्रमानव होतं. इंजिनांच्या नळकांड्यांचे पाय होतात, धूर सोडणाऱ्या तोंडांची पावलं होतात, पोटाखाली दडलेले हात बाहेर येतात. मधली एक अवस्था आहे गर्वॉक नावाची: वर विमान, खाली गुडघ्यात वाकलेले पाय. या विमानाची किट्स काढली अरीई या कंपनीने आणि पुन्हा उभ्या राहिलेल्या त्याच इमाईने. अमेरिकेत रेव्हेल कंपनीने अशी जपानी किट्स 'रोबोटेक डिफेंडर्स' या नावाने विकली, आणि 1985 साली 'मॅक्रॉस'सह तीन मालिका जोडून तिकडे जी मालिका दाखवली गेली तिला किटचंच नाव मिळालं, 'रोबोटेक'.

याच सुमारास अमेरिकेत एक मजेशीर उलटा प्रकार घडला. अमेरिकी हवाई दल रडारला न दिसणारं विमान गुपचूप बनवतंय, ही कुणकुण सगळ्यांना होती. लढाऊ विमानांच्या क्रमांकांत 18 नंतर एकदम 20 आला होता. मधला 19 त्या गुप्त विमानाचाच असणार, असं लोकांनी ठरवून टाकलं. 1986 साली टेस्टर्स कंपनीने 'एफ-19 स्टेल्थ फायटर'चं 1/48 किट बाजारात आणलं. जॉन अँड्र्यूज या आरेखकाने ते तर्काने उभं केलं होतं: काळं, सगळीकडून गोलाई दिलेलं, आत झुकलेल्या शेपट्यांचं. किट धडाक्यात खपलं. जे विमान लोकप्रतिनिधींना दाखवलं जात नाही ते पोरासोरांना दुकानात कसं मिळतं, अशी ओरड अमेरिकी संसदेतही झाली. नोव्हेंबर 1988 मध्ये सरकारने खऱ्या विमानाचं धूसर छायाचित्र प्रसिद्ध केलं. त्याचं नाव एफ-117, आणि अंगावर गोलाईचा मागमूस नाही. सगळे सपाट, कोनाकोनांचे पैलू. एका दिवसात एफ-19 भाकिताच्या कपाटातून कल्पनेच्या कपाटात गेलं.

हे किट आणि व्हॅल्किरी शेजारी ठेवून पाहिलं, की एक गोष्ट लक्षात येते. एफ-19 ने खरं असल्याचा दावा केला आणि तो पडला. व्हॅल्किरीने असा दावा कधी केलाच नाही. खरं वाटण्याची जबाबदारी तिने बांधणाऱ्यावर टाकली. दिवाळीत पोरं अंगणात किल्ला करतात, तो ना रायगड असतो ना राजगड. तरी बुरूज हवा, दरवाजा हवा, अळिवाची हिरवळ हवी, आणि तोफ दरवाजाच्या दिशेला लावलेली चालत नाही. कुठल्याच किल्ल्याची नक्कल नसते, पण किल्लेपणाचे नियम कुणी मोडत नाही. व्हॅल्किरीच्या बाबतीत असंच झालं.

या नियमांवर शिक्कामोर्तब केलं ते हासेगावाने. खऱ्या लढाऊ विमानांची किट्स काढण्यात या कंपनीची हयात गेली होती. या शतकाच्या सुरुवातीला तिने 1/72 मापाची व्हॅल्किरी आणली, तीही रूप न बदलणारी. केवळ विमान म्हणून, जसं टॉमकॅटचं किट असतं तसं. कथेत या विमानाची लांबी 14.23 मीटर, किट भरतं जेमतेम वीस सेंटिमीटर. पत्र्याच्या रेघा आत कोरलेल्या, कॉकपिटमध्ये आसन आणि वैमानिक, आणि पाण्यात भिजवून चिकटवायच्या डेकलचा भला मोठा कागद.

या डेकलमध्येच खरी गंमत आहे. कथेतल्या स्कल तुकडीच्या प्रमुखाचं विमान पांढरं, त्यावर पिवळे-काळे पट्टे, उभ्या शेपटीवर कवटी आणि हाडं. हे चिन्ह अमेरिकी नौदलाच्या 'जॉली रॉजर्स' तुकडीच्या टॉमकॅटवरून उचललेलं आहे. कवटीसोबत त्या कागदावर तांदळाच्या दाण्याहून लहान इशारे असतात: इथे पाय देऊ नका, इथून हवा ओढली जाते. हे वाचायला कुणी मेकॅनिक कधी येणार नाही. तरी माणूस चिमट्याने एकेक पाटी उचलतो, बोटभर पाण्यात भिजवतो, जागेवर सरकवतो आणि मऊ करणारं द्रावण ब्रशने लावून ती रेघेच्या खाचेत नीट बसेपर्यंत थांबतो. संध्याकाळ निघून जाते आणि डावा पंखसुद्धा पुरा होत नाही.

डागांचा प्रश्न याहून अवघड. खऱ्या विमानावर तेलाचे आणि काजळीचे ओघळ वाऱ्याच्या दिशेने, नाकाकडून शेपटीकडे जातात. पण हेच विमान उभं राहून यंत्रमानव होत असेल, तर तेच तेल डोक्याकडून पावलांकडे ओघळेल. मग ओघळ कुठल्या दिशेने काढायचे? हे यंत्र किती वेळ उडतं आणि किती वेळ उभं असतं? पावलांना, म्हणजे मुळातल्या धुराच्या तोंडांना, उष्णतेने निळसर झाक येईल की जमिनीवर टेकून चिखल लागेल? बांधणारा स्वतःशी उत्तर ठरवतो आणि मग अंगभर तेच पाळतो. जिथे असं काही ठरवलेलं नसतं तिथे कितीही सफाईदार एअरब्रश फिरवला तरी मॉडेल पेटीतून काढल्यासारखं दिसतं.

2008 मध्ये 'मॅक्रॉस फ्रंटियर' या नव्या मालिकेच्या व्हीएफ-25 विमानाचं किट बंदाईने आणलं. 1/72 मापाचं आणि तिन्ही रूपं घेणारं. भाग खटकन बसणारे, गोंद जवळपास नको, प्लॅस्टिक मुळातच रंगीत. रंगाची डबी न उघडता चांगलं काहीतरी हाती येतं, म्हणून अनेक नवे लोक छंदाकडे वळले. सांधे मात्र जाडसर होतात आणि सारखं रूप बदललं की रंग घासून निघतो. हासेगावाची स्थिर व्हॅल्किरी की बंदाईची फिरती, हा वाद या मंडळींत अजून मिटलेला नाही. मला स्थिर बरी वाटते. एका रूपात कायमचं बांधताना ठाम निर्णय घ्यावा लागतो, आणि निर्णय दिसले की मॉडेल बोलतं.

हे सगळं मांडायचं कुठे, हाही प्रश्न बदलत गेला. 1980 च्या दशकात जपानमध्ये हौशींनी स्वतः रेझिनमध्ये ओतलेली गॅरेज किट्स निघाली. त्यांच्या 'वंडर फेस्टिव्हल' या मेळ्याची खासियत अशी, की परवाना मूळ मालकाकडून त्या एका दिवसापुरता मिळतो. मे महिन्यात शिझुओकाच्या हॉबी शोला जोडून देशभरच्या मॉडेलर क्लबांचं एकत्र प्रदर्शन भरतं. 1990 साली सुरू झालेल्या या प्रदर्शनात एका टेबलावर महायुद्धातलं झिरो आणि दोन टेबलं सोडून व्हॅल्किरी असते. बघणारे तेच, वाकून पाहायची तऱ्हा तीच. इंग्लंडमध्ये टेलफर्डला नोव्हेंबरमध्ये भरणाऱ्या स्केल मॉडेलवर्ल्डमध्येही विज्ञानकथेची वेगळी टेबलं लागतात. पूर्वी 'कार्टूनवाले' म्हणून कोपऱ्यात बसवलेली ही माणसं आता रेघ चुकली तर एकमेकांना ऐकवतात. स्वातंत्र्य मिळालं होतं, त्यांनी त्यातून स्वतःसाठी जाच तयार केला, आणि त्याशिवाय छंदाला चव येत नाही हेही त्यांना पटलं आहे.

'मॅक्रॉस'मधलं युद्ध कथेप्रमाणे 2009 साली पेटतं. ते वर्ष आलं आणि गेलं. त्याआधीच, सप्टेंबर 2006 मध्ये, अमेरिकी नौदलाने टॉमकॅटला निरोप दिला होता. 'जॉली रॉजर्स'ची कवटी टॉमकॅटच्या शेपटीवर आता जुन्या छायाचित्रांत, चित्रफितींत आणि संग्रहालयांत पाहायची. आज वीस वर्षांचा असलेला मॉडेलर दोन्ही किट्स घेऊन बसतो, तेव्हा त्याने ना टॉमकॅट नौकेवरून झेपावताना पाहिलंय, ना व्हॅल्किरी. दोन्हींसाठी त्याच्याकडे आहेत ती चित्रं, रेखाटनं आणि आधीच्या बांधणाऱ्यांनी घालून दिलेली शिस्त. मूळ विमान अस्तित्वात होतं की नव्हतं, याने त्याच्या कामात काडीचा फरक पडत नाही. ते उडत असतं तर त्याच्या अंगावर काय उमटलं असतं, एवढाच प्रश्न त्याला दोन्हीकडे सोडवायचा असतो.