चांदीवर मावेल तेवढी प्रार्थना

२२ मिलिमीटर व्यासाच्या मेडलवर अख्खी प्रभूची प्रार्थना कोरून मागणारं गिऱ्हाईक आलं, तर वसईतले हे कारागीर काका त्याला नाही म्हणत नाहीत. मेडलच्या मापाचं वर्तुळ काढलेला कागद पुढे सरकवतात आणि म्हणतात, "यात लिहून दाखवा." बॉलपेननं तीन-चार ओळी होईपर्यंत वर्तुळ भरून जातं आणि प्रार्थना निम्मीही झालेली नसते. काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे बोलणं तिथून सुरू होतं. मी त्यांच्या पेढीच्या मागच्या खोलीत बसून पाहिलं ते मुख्यतः हेच. कोरणं हे त्या बोलण्यानंतरचं काम.

कॅथलिक घरांतून येणारी मागणी बहुतेक बाप्तिस्म्याची किंवा पहिल्या ख्रिस्तप्रसादाची असते. पुढच्या बाजूला मारियामाता किंवा एखादा संत, पाठीवर प्रार्थनेचे दोन-तीन शब्द आणि तारीख. नंतर फादरांकडून आशीर्वादित करून घ्यायचं असल्यानं रविवारच्या आत काम हवं असतं. प्रॉटेस्टंट गिऱ्हाइकाला मूर्ती नको असते. त्याला साधा क्रूस आणि वचन चालतं, पुष्कळदा वचनाचा नुसता पत्ता: योहान ३:१६ किंवा स्तोत्र २३. काकांना हे पत्ते फार आवडतात. सहा ओव्यांचं स्तोत्र एका शब्दात आणि दोन आकड्यांत बसतं, आणि आकड्यांना वेलांट्या नसतात.

वेलांटी, उकार, रफार ही या कामातली खरी डोकेदुखी. दोन मिलिमीटर उंचीच्या ओळीत रोमन मोठी अक्षरं कोरायची तर ती उंची पूर्ण वापरता येते. देवनागरीत तीच उंची तीन मजल्यांत वाटावी लागते. 'आशीर्वाद' लिहिताना वेलांटी आणि रफार शेजारी शेजारी वर चढतात, 'प्रभू' लिहिताना रकार आणि उकार दोन्ही खाली उतरतात. मधल्या अक्षराच्या वाट्याला जेमतेम मिलिमीटरभर जागा उरते. मजुरी अक्षरावर असल्यामुळे आणखी एक वाद निघतो. एका बाईंनी माझ्यासमोर विचारलं, "ख्रिस्त म्हणजे दोनच अक्षरं ना?" काका म्हणाले, "वाचताना दोन, ताई. कोरताना पाच." पैसे शेवटी दोन अक्षरांचेच घेतले.

चांदी ९२.५ टक्क्यांची लागते. उरलेले साडेसात टक्के बहुधा तांबं असतं आणि कोरणाऱ्याला त्याच साडेसात टक्क्यांचा आधार असतो. शुद्ध चांदी इतकी मऊ की कलम तीत रुतते आणि रेघेच्या दोन्ही काठांना बारीक वरंबा उभा राहतो. पत्रा रुळांतून काढून घट्ट झालेला असेल तर काप स्वच्छ येतो. भट्टीतून नुकताच निघालेला नरम तुकडा काका परत पाठवतात. जाडीही ते बोटांनीच तपासतात, कारण पातळ पत्र्यावर खोल कोरलं की पलीकडच्या बाजूला अक्षरांचे व्रण उठतात.

मेडल गरम लाखेवर दाबून लाकडी ठोकळ्यावर बसवतात. चकाकत्या चांदीवर पेन्सिल दिसत नाही, म्हणून आधी पांढऱ्या रंगाचा पातळ हात फिरतो. मग परकारानं ओळी आखल्या जातात आणि त्यांवर अक्षरं उतरतात. मजकूर कडेनं गोल फिरवायचा असेल तर शिरोरेषाही वाकवावी लागते. ती बाहेरच्या काठाकडे येते आणि वेलांट्या थेट किनारीवर आदळतात. त्यामुळे किनारीपासून एक ओळभर जागा मोकळी सोडायची. नवशिक्याला ती उधळपट्टी वाटते.

कलम म्हणजे बोटाएवढी पोलादी सळई. टोक तिरकं घासलेलं, मागे तळहातात बसेल अशी लाकडी मूठ. जोर तळहाताचा, दिशा बोटांची आणि अंगठा चांदीवर टेकलेला, कारण ब्रेक तोच. वळणदार अक्षर कोरताना कलम फारशी वळत नाही, ठोकळाच वाळू भरलेल्या कातडी उशीवर फिरतो. 'ळ' काढताना डावा हात जवळजवळ पूर्ण चक्कर मारतो आणि उजवा जागच्या जागी असतो. कलम किंचित कलती केली की रेघ रुंदावते. अक्षराचा जाड-बारीकपणा त्या कलण्यातून येतो. शिरोरेषा ते सगळ्यात शेवटी ओढतात. आधीची थोडी उंच-सखल अक्षरं ती एका ओळीत आणते.

कलम घसरली तर पृष्ठभागावर लांब ओरखडा पडतो. उथळ असेल तर घोटून जिरवता येतो. अक्षरच चुकलं तर मात्र गेलेला धातू परत येत नाही. डाक देऊन भरा, नाहीतर सगळा चेहरा घासून खाली आणा. म्हणून मजकूर गिऱ्हाइकाच्या हातचा लिहून घेतल्याशिवाय काका कलम उचलत नाहीत. प्रार्थनेतला ऱ्हस्व-दीर्घ हा वाद त्यांना चर्चच्या दारात घालायचा नसतो. निघालेला चांदीचा कीस खालच्या खणात पडतो. तो फुंकून उडवायचा नाही, जमवून पुन्हा आटवायचा.

शेवटी काळं करणं. गंधकाच्या कोमट द्रावणात बुडवलं की सगळं मेडल काळं पडतं आणि खोलीभर कुजक्या अंड्याचा वास सुटतो. मग वरचा पृष्ठभाग पॉलिश करून पुन्हा पांढरा करायचा. काळेपणा खाचांत उरतो आणि मजकूर वाचता येऊ लागतो.

शेजारच्या गाळ्यात फायबर लेसर आहे. काकांचा पुतण्याच तो चालवतो. त्यावर अख्खी प्रभूची प्रार्थना काही मिनिटांत उतरते, फक्त ती वाचायला भिंग लागतं. देवनागरी नीट न जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर थेट टाकला तर ऱ्हस्व वेलांटी भलत्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं फुटतात. म्हणून पुतण्या आधी अक्षरांचं चित्र करून घेतो. एकदाच फिरवलेल्या लेसरची रेघ उथळ असते. रोज कपड्यावर आणि कातडीवर घासणाऱ्या मेडलवर ती लवकर पुसट होते.

जागेची ही अडचण जुनी आहे. मध्ययुगीन इंग्लंडमधल्या चांदीच्या ब्रूचवर मारियेच्या प्रार्थनेचे सुरुवातीचेच शब्द सापडतात. ऑर्थोडॉक्स रशियात बाप्तिस्म्याच्या क्रुसाच्या पाठीवर फक्त 'वाचव आणि राख' एवढी विनंती असते. पॅरिसमध्ये १८३२ साली पहिल्यांदा पाडलेल्या चमत्कारी मेडलवर एक वाक्य लंबगोलाच्या कडेनं फिरतं आणि त्याखाली १८३० हे मारियेच्या दर्शनाचं साल. सगळ्यात टोकाचं उदाहरण म्हणजे संत बेनेडिक्टचं मेडल. त्याच्या पाठीवर मुख्यतः सैतानाला हुसकावणाऱ्या लॅटिन प्रार्थनेची नुसती आद्याक्षरं आहेत. एका काळी त्यांचा अर्थ लोक विसरूनही गेले होते. १६४७ मध्ये बव्हेरियात चेटकाच्या आरोपाखाली धरलेल्या बायका म्हणाल्या की मेटनच्या मठावर आमचं काही चालत नाही. शोध घेतला तर मठाच्या भिंतींवर ही अक्षरं असलेले क्रूस रंगवलेले निघाले. अक्षरं समोर होती, पण ती वाचणारं कुणी नव्हतं. अखेर मठातल्याच १५व्या शतकातल्या एका हस्तलिखितात पूर्ण ओळी सापडल्या. आज सर्वत्र दिसणारा या मेडलचा नमुना १८८० चा.

काकांकडे उलट प्रकार येतो. आजीच्या मेडलवरची अक्षरं अंगठ्यानं घासून घासून सपाट झालेली असतात आणि आजीला प्रार्थना पूर्ण पाठ असते. तेच शब्द पुन्हा कोरायला काका तयार होतात, पत्र्यात जीव उरला असेल तर. बाळाच्या मेडलवर सगळी प्रार्थना मागणाऱ्या आईबापांना मात्र त्यांचा सल्ला ठरलेला: पहिले तीन शब्द खोल कोरून घ्या, बाकीचे पोराला शिकवा. त्यात त्यांची मजुरी कमी होते. पण मेटनच्या भिंतींचा अनुभव पाहता हिशेब त्यांचाच बरोबर आहे.