डोंगरशर्यतीतील सुरक्षेचे गणित

इंग्लंडच्या उत्तर भागात उघड्याबोडक्या, उंच डोंगरमाळांना 'फेल' म्हणतात. पायवाट असो वा नसो, या डोंगरांवरून धावण्याच्या शर्यतींची परंपरा तेथे शंभराहून अधिक वर्षांची आहे. १९७० साली 'फेल रनर्स असोसिएशन' ही संघटना स्थापन झाली आणि हौशी खेळाला नियमांची चौकट मिळत गेली. हे नियम वरकरणी किरकोळ वाटतात. मात्र त्यांच्यामागे कटू अनुभव आहेत.

या शर्यतींची वर्गवारी चढ आणि अंतर यांवरून होते. दर किलोमीटरमागे सरासरी किमान ५० मीटर चढ असेल तर शर्यत 'ए' वर्गात मोडते. अंतर २० किलोमीटर वा त्याहून अधिक असेल तर ती 'लांब पल्ल्याची' ठरते. म्हणजेच प्रवेशअर्ज भरण्यापूर्वीच स्पर्धकाला आपली कुवत जोखता येते.

डोंगरावरचा खरा शत्रू कडा नव्हे, थंडी होय. धावताना शरीर भरपूर उष्णता निर्माण करते, त्यामुळे पातळ कपडे पुरतात. पण पाय मुरगळला, दमछाक झाली किंवा धुक्यात वाट चुकली, की वेग मंदावतो आणि ही भट्टी विझू लागते. त्यातच ओले कपडे आणि सोसाट्याचा वारा असला, तर शरीराचे तापमान झपाट्याने उतरते. ते ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेले की 'हायपोथर्मिया' सुरू होतो. बोलणे अडखळते, विचारशक्ती मंदावते आणि आपण संकटात आहोत हेच त्या माणसाला उमगेनासे होते. म्हणूनच शिवणींतूनही पाणी न झिरपणारे जाकीट व विजार, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी आणि थोडे खाद्य जवळ बाळगण्याचा नियम आहे. हे सामान धावण्यासाठी नसते, तर थांबावे लागले तर जगण्यासाठी असते.

दुसरा नियम मोजणीचा. शर्यत सुरू करणाऱ्यांची संख्या ही पूर्ण करणारे आणि सोडून देणारे यांच्या बेरजेइतकी भरलीच पाहिजे. त्यामुळे मध्येच माघार घेणाऱ्याने आयोजकांना कळविल्याशिवाय घरी जायचे नाही, हा दंडक आहे. २०१२ साली लेक डिस्ट्रिक्टमधील एका शर्यतीत एका ज्येष्ठ धावपटूचा मृत्यू झाला. तो परतलाच नाही, ही गोष्ट आयोजकांच्या वेळीच ध्यानात आली नव्हती. त्यानंतर संघटनेने आपले सुरक्षानियम अधिक काटेकोर केले.

याउलट उदाहरण २००८ सालचे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात बॉरोडेल येथील दोन दिवसांची 'ओरिजिनल माउंटन मॅरेथॉन' अतिवृष्टी व वादळामुळे अर्ध्यावर थांबवावी लागली. शेकडो स्पर्धकांचा ठावठिकाणा लागेना, तेव्हा देशभर खळबळ उडाली. पण कोणीही दगावले नाही. दोन दिवसांचे अन्न, तंबू आणि झोपण्याची पिशवी प्रत्येक जोडीने पाठीवर वाहून नेणे तेथे सक्तीचे होते. अनेकांनी त्याच बळावर रात्र काढली.

हीच शिदोरी नसली तर काय होते, हे २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात दिसले. १०० किलोमीटरच्या शर्यतीत अचानक गारपीट, गोठवणारा पाऊस आणि वादळी वारे सुरू झाले. १७२ पैकी २१ धावपटू मृत्युमुखी पडले. वाऱ्यापासून बचाव करणारे जाकीट तेथे सक्तीचे नव्हते. मार्गाच्या सर्वांत दुर्गम टप्प्यावर वाहनाने मदत पोहोचणेही शक्य नव्हते.

आपल्याकडेही सिंहगड, राजगड, तोरणा अशा वाटांवर धावण्याची हौस वाढते आहे. सह्याद्रीत बर्फाळ वारा नसला तरी उन्हाचा कडाका, पाण्याची टंचाई, धुके आणि निसरडे कातळ आहेत. तेव्हा शुल्क भरण्यापूर्वी स्पर्धकाने आयोजकांना तीन प्रश्न विचारावेत: सक्तीचे सामान कोणते, माणसे मोजली कशी जातात आणि हवामान बिघडल्यास शर्यत कोण थांबवणार? तिन्हींची स्पष्ट उत्तरे मिळाली नाहीत, तर त्या दिवशी घरीच थांबण्यात कमीपणा नाही.