फायबरची होडी घरी दुरुस्त करताना: आधी सुकवा, मग मॅट लावा

(ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं बरंचसं तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय आहे जुनी फायबरची होडी घरच्या अंगणात दुरुस्त कशी करायची आणि तिला पुन्हा चकाकी कशी आणायची. खाडीकाठच्या मंडळींना याचा थेट उपयोग आहे. बाकीच्यांच्या घरी फायबरची पाण्याची टाकी किंवा छपराचा पत्रा असेलच, त्यालाही यातलं बरंच लागू पडतं.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. आमच्या काकांची १६ फुटी होडी आहे. एका जुलैत तिच्या तळाला हाताच्या पंज्याएवढी भेग दिसली. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली. होडी प्लास्टिकखाली शाकारलेली होती. मी तिथेच वरवर पेपर मारला, दोन थर मॅट लावली, वर रंग दिला. काका म्हणाले, "झाली ना रे नीट?" मी म्हटलं, झाली. दसऱ्याच्या आत ते ठिगळ जाळीत अडकून सालपटासारखं निघालं. काका किनाऱ्यापासून लांब नव्हते म्हणून डब्याने पाणी उपसत परत आले. ठिगळ उलटं करून पाहिलं, तर आतली बाजू गुळगुळीत आणि ओली. म्हणजे ते चिकटलंच नव्हतं, नुसतं बसलं होतं.

आजच्या भागात सांगायचं ते एवढंच: फायबरची दुरुस्ती रेझीनमुळे टिकत नाही, रेझीन लावण्याआधीच्या कामामुळे टिकते. सुकवणं आणि घासणं ही दोन कामं नीट झाली, तर बाकीचं कोणालाही जमेल.

फायबर म्हणजे नक्की काय?

आपण ज्याला फायबर म्हणतो त्यात दोन गोष्टी असतात. एक काचेचे तंतू, म्हणजे मॅट किंवा विणलेलं कापड. दुसरी रेझीन, बहुतेक होड्यांत पॉलिएस्टर. ताकद काचेची, आणि तिला धरून ठेवण्याचं काम रेझीनचं. बाहेरून जो रंगीत चकचकीत थर दिसतो तो जेलकोट. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो.

"फायबरला काय होतंय, ते कुजत नाही," असं आपण ऐकतो. काच कुजत नाही हे खरं. पण जेलकोटला भेग पडली की पाणी आत शिरतं आणि तंतूंच्या कडेकडेने पसरतं. वर्षानुवर्षं पाण्यात राहिलेल्या होडीत तर जेलकोट अखंड असतानाही थोडंथोडं पाणी झिरपतं. ते आतल्या द्रव्यांशी मिळून फोड आणतं. असा फोड फोडला की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. त्यावर रंग मारणं म्हणजे ओल्या भिंतीला चुना लावण्यासारखंच.

आणखी एक गोष्ट. लोखंड वितळवून पुन्हा वापरता येतं, एकदा घट्ट झालेलं पॉलिएस्टर वितळत नाही. म्हणून जुन्या फायबरला भंगारवाला सहसा हात लावत नाही, आणि अशी कवचं खाडीच्या कडेला वर्षानुवर्षं पडून राहतात. होडी दुरुस्त होण्यासारखी असेल, तर ती करण्याला हेही एक कारण आहे.

आधी कान लावा

होडी उलटी करा, गोड्या पाण्याने धुवा, शेवाळ आणि शिंपले खरवडून काढा. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने किंवा छोट्या लाकडी हातोडीने वीतभर अंतरावर टकटक करत जा. चांगल्या ठिकाणी आवाज खणखणीत येतो. थर सुटले असतील किंवा आत ओल असेल तिथे तो बद्द येतो. तिथे खडूने गोल करा. बहुतेक वेळा भेग दिसते त्यापेक्षा हा गोल बराच मोठा निघतो.

मागच्या फळीवर, म्हणजे जिथे इंजिन लावतो तिथे, विशेष लक्ष द्या. तिच्या आत बहुतेक होड्यांत प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकांतून पाणी शिरून ते आतल्या आत कुजतं आणि बाहेरून काहीच कळत नाही. इंजिनचा पाय धरून वर-खाली हलवा. फळी लवत असेल तर आतल्या बाजूने एक बारीक भोक पाडून पाहा. भुसा कोरडा आणि फिकट आला तर ठीक. काळा आणि ओला आला, तर तिथे ठिगळाने भागणार नाही.

होडीचं वजनही बोलतं. पूर्वी चार जण उचलत होते आणि आता सहा लागत असतील, तर बैठकीखालच्या बंद कप्प्यांतल्या फोमने पाणी प्यायलं आहे. तो काढून नवा भरायला हवा. होडी उलटली तर तिला तरंगत ठेवणारा तोच फोम असतो.

सुकवण्याला पर्याय नाही

खराब भाग ग्राइंडरने उघडा करा. पांढरट पडलेला, सुटलेला थर चांगला भाग लागेपर्यंत काढा. मग तीन-चार वेळा गोड्या पाण्याने धुवा. हे उलटं वाटेल, पण मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. ते आत राहिलं तर होडी कितीही दिवस ठेवली तरी नीट सुकत नाही.

मग वारं लागेल अशा छपराखाली ठेवून द्या. सुकली की नाही हे पाहायची साधी युक्ती अशी: फूटभर पारदर्शक प्लास्टिक घ्या, चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून त्या जागेवर लावा आणि एक दिवस-रात्र ठेवा. आतून दव धरलं तर अजून ओल आहे. कधी आठवडाभर लागतो, कधी महिना.

इथेच खरी अडचण आहे. होडी रिकामी असते जून-जुलैच्या बंदीत, आणि नेमकी तेव्हाच हवेत सगळ्यात जास्त ओल असते. सुकवायला चांगले महिने हिवाळ्यापासून मेपर्यंतचे, पण तेव्हा होडी वर काढली तर रोजची मासळी बुडते. त्यामुळे मधला मार्ग काढावा लागतो. टकटक करून तपासणी हिवाळ्यातच करून ठेवा. एप्रिल-मेमध्ये होडी लवकर वर घ्या आणि उघडणं, सुकवणं, मॅट लावणं तेव्हाच उरका. पावसाळ्यात फक्त आतली साफसफाई आणि इंजिन ठेवा. पंधरा दिवसांची कमाई जाते, मान्य आहे. पण भर हंगामात ठिगळ निघालं तर त्याहून जास्त जाते, आणि जिवाचा धोका वेगळाच.

घासायचं किती?

नवी रेझीन जुन्या रेझीनमध्ये विरघळून एकजीव होत नाही. जुनी केव्हाच घट्ट झालेली असते. नवी तिला फक्त गोंदासारखी चिकटते. म्हणून चिकटायला जागा भरपूर हवी. नियम असा आहे की कवचाच्या जाडीच्या १२ पट उतार घ्यायचा. कवच ५ मिलिमीटर असेल, तर भोकाच्या कडेपासून चारही बाजूंनी ६ सेंटिमीटर. म्हणजे १० सेंटिमीटरच्या भोकासाठी २२ सेंटिमीटरचा गोल घासायचा. पहिल्यांदा करताना काळजात धस्स होतं, पण ते बरोबर आहे.

घासण्याआधी ॲसिटोनच्या फडक्याने मेण आणि तेल पुसून घ्या, नाहीतर घासताना तेच आत रगडलं जातं. पेपर जाड घ्या, ३६ ते ६० नंबरचा. चकाकी कुठेही उरता कामा नये. आतून हात पोचत असेल तर उतार आतल्या बाजूने काढा आणि बाहेरून भोकावर मेण लावलेला सनमायकाचा तुकडा चिकटपट्टीने दाबून बसवा. बाहेरचा आकार आपोआप जुळतो.

काचेची धूळ अंगाला भयंकर खाजते आणि फुप्फुसात जाणं वाईटच. चांगला मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. कपडे वेगळे धुवा. घरातल्या लहान मुलांना त्या दिवशी अंगणात येऊ देऊ नका.

रेझीन कालवताना

दुकानात जी.पी. रेझीन स्वस्त मिळते. होडीच्या तळाला आयसोफ्थॅलिक घ्या, ती पाण्याला जास्त टिकते. इपॉक्सी जुन्या फायबरला अधिक घट्ट धरते, पण महाग पडते, तिच्या हार्डनरचं प्रमाण अगदी वेगळं असतं, आणि तिच्यावर नंतर पॉलिएस्टरचा जेलकोट नीट धरत नाही. इपॉक्सी वापरली तर वरून रंगच द्यावा.

पॉलिएस्टरसोबत दोन बाटल्या मिळतात, कोबाल्ट आणि हार्डनर. आता नीट ऐका: या दोन बाटल्या एकमेकींत थेट कधीही मिसळू नका. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझीनमध्ये टाकून पूर्ण ढवळा, आणि हार्डनर अगदी लावायच्या वेळी घाला. काही रेझीनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेला असतो, तेव्हा दुकानदाराला विचारून घ्या. हार्डनर डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावाच, आणि गेलंच तर लगेच पंधरा-वीस मिनिटं पाण्याने धुऊन डॉक्टर गाठा.

हार्डनरचं प्रमाण १ ते २ टक्के. आपल्याकडच्या उन्हाळ्यात १ टक्का पुरतं, म्हणजे १ किलोला १० ग्रॅम. अंदाजाने ओतू नका, वजनकाटा वापरा. एका वेळी पाव किलोच कालवा. डब्यात राहिलेली रेझीन स्वतःच तापते, धूर येईपर्यंत. काम सावलीत, दव सुकल्यावर सुरू करा. वाफ ज्वालाग्राही असते, त्यामुळे जवळ बिडी नको, शेगडी नको. साधा कापडी मास्क या वाफेला उपयोगाचा नाही, रसायनांच्या वाफेसाठीचा फिल्टर असलेलाच घ्या.

मॅटचे थर

४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर हाताने लावला की साधारण १ मिलिमीटर होतो, आणि १ चौरस मीटरला सुमारे १ किलो रेझीन लागते. ५ मिलिमीटरच्या कवचाला पाच थर धरा. तुकडे आधीच कापून ठेवा. सगळ्यात मोठा पहिला, मग क्रमाने लहान. शेवटी पेपर मारताना वरचे लहान तुकडे घासले जातात, पकड धरणारा पहिला शाबूत राहतो.

जुन्या पृष्ठभागावर आधी ब्रशने रेझीन, मग मॅट, मग पुन्हा रेझीन. ब्रश ओढू नका, टेकवत जा. मॅट पांढऱ्याची पारदर्शक झाली की भिजली. खाचांच्या लोखंडी रोलरने बुडबुडे काढा. एका वेळी तीनपेक्षा जास्त थर नकोत, उष्णतेने ठिगळ वाकतं. पुढचे थर त्याच दिवशी द्या. दोन-चार दिवस गेले तर पुन्हा पेपर मारूनच.

मागची फळी कुजली असेल, तर आतल्या बाजूचं फायबर कापून सगळं प्लाय काढा. नवं प्लाय आयएस ७१० शिक्क्याचं, म्हणजे मरीन, घ्या. त्याच्या कडांना आणि बोल्टच्या भोकांना आतून रेझीन पाजा. पुढच्या वेळी पाणी तिथूनच शिरणार असतं.

चकाकी शेवटी

खड्डे भरायला गाड्यांची लांबी पाण्याखालच्या भागात वापरू नका, ती पाणी पिते. त्याऐवजी रेझीनमध्ये बारीक सिलिका पावडर घालून घट्ट लेप करा. मग जेलकोट. साधा जेलकोट हवेत उघडा राहिला तर वरून चिकट राहतो. शेवटच्या हातात मेणाचं द्रावण घाला किंवा वर प्लास्टिक दाबून ठेवा.

रंग जुळवण्याआधी जुना भाग कंपाउंडने घासून घ्या. उन्हाने उडालेल्या रंगाशी जुळवलात, तर पॉलिशनंतर ठिगळ वेगळं दिसेल. घट्ट झाल्यावर वॉटर पेपर ३२० पासून ४००, ६००, ८००, १२०० असा चढत जा. मधला नंबर गाळला तर ओरखडे उन्हात दिसतात. मग कंपाउंड आणि मेण.

उरलेली कालवलेली रेझीन मोकळ्या जागेत घट्ट होऊ द्या आणि मगच टाका. कापलेले तुकडे जाळू नका, खाडीत तर अजिबात नको.

करावी की नाही?

तळाचा कणा आडवा तडकला असेल, किंवा टकटक करताना निम्मा तळ बद्द वाजत असेल, तर घरी हात घालू नका. जाणत्या कारागिराला दाखवा. भेगा, भोकं, मागची फळी, फोड, हे सगळं धीराने घरी होतं.

काकांची होडी पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा उघडली. २६ दिवस ती नुसती सुकत पडली होती. येणारे-जाणारे विचारायचे, काम सुरू कधी करणार? काम सुरूच होतं, दिसत नव्हतं इतकंच. पाण्यात सोडल्यावर काकांनी तासभर ओहोटीच्या संथ पाण्यात ती उभी ठेवली, तळाला हात फिरवला आणि हात आपल्या शर्टाला पुसून पाहिला. कोरडा होता.

तुमच्याकडे अशी होडी पडून असेल, तर आज फक्त टकटक करून बघा. बद्द आवाज कुठे येतो, ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!